मिरचीखालचं चित्र

मच्छिंद्रनं फटफटी घराकडं नेलीच न्हाई, सरळ खळ्यात घातली.

नंदाबाई दाताळ्यानं मिरची खालवर करून राह्यली होती. ठसका लागू नये म्हणून पदर नाकातोंडाला बांधलेला. दीर जालन्याहून येवढ्या सकाळी, आंगावर कारखान्याचे कपडे, भुवया धुळीनं पांढऱ्या. तिला वाटलं, गेलं कोणीतरी.

"काय झालं, भावजी?"

"मामा येऊन राह्यले. इनाबेमामा. उद्या."

"फ्रान्सचे?"

"हाव."

नंदाबाईचं दाताळं थांबलं. तिनं पायाखाली पाह्यलं. मंग मच्छिंद्रनं बी पाह्यलं.

खाली मिरची होती, लाल, अजून वली. आन मिरचीखाली कापड होतं. दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतील येवढं. काठाला जिथं मिरची पोचली नव्हती तिथं ते उघडं दिसत होतं. तांबूस, मळकट, तेलकट. खताच्या गोणीची ठिगळं. तीन कोपऱ्यांना लोखंडी कड्या. चौथा कोपरा न्हाईच.

"आन इचारलं कापडाचं?"

"त्याच्यासाठीच येऊन राह्यले, वहिनी."

नंदाबाई ह्या घरात आली शहाऐंशी साली. तवापास्न ह्या कापडाला घरात 'मामाचं कापड' म्हणायचे. जसं पाटी आण, दोर आण, तसं मामाचं कापड आण. पावसाळ्यात ते कडब्याच्या गंजीवर असायचं, हिवाळ्यात मिरचीखाली. मच्छिंद्रच्या लग्नात आचाऱ्यांच्या डोक्यावर होतं. एका साली बैलाचा खूर पडून फाटलं तर नंदाबाईनंच दाभण घेऊन शिवलं. कोणे एके काळी त्याच्यावर कायतरी रंगवलेलं होतं हे तिला म्हाईत होतं. पर घरातल्या पितळी हंड्यावर आजेसासऱ्याचं नाव बी होतंच की. रोज कोण वाचतं?

"निरम्यानं धुवून टाकू का?" ती म्हणली.

"वहिनी, ते चित्र आहे!"

"चित्र आहे म्हणून तर इचारलं. धोतर असतं तर इचारलं असतं का?"

मच्छिंद्रनं फटफटीचं हँडल धरलं. तो तसाच गाडी ढकलत घराकडं निघाला.

मच्छिंद्र जालन्याला एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये होता. भट्टीतून लाल सळई सापासारखी पळत येती, ती चिमट्यानं धरून पुढच्या खाच्यात घालायची, हे त्याचं काम. काल दुपारी हापिसातून बोलावणं आलं, फोन आहे, फ्रान्सहून. सगळी मिल दारात गोळा झाली. कारण मच्छिंद्र दरसाल सांगायचा, माहा मामा फ्रान्सचा पेंटर आहे, जपानचा माणूस. आन सगळे म्हणायचे, आमचा चुलता अमेरिकेचा प्रेसिडेंट आहे.

फोनवर मामा म्हणले, "बेटा, मैं बम्बई से बोलता. कल नहीं, परसों आता धावडा." फ्रान्सहून न्हाई, मुंबईहूनच होता फोन. पर ते मच्छिंद्रनं मिलमध्ये कोणाला सांगितलं न्हाई.

मामाचं सगळं त्याला पाठ होतं. शाळेत असल्यापास्न.

जपानात समुद्राकाठचं गाव. बाप होड्या बांधायचा. हा बाविसाव्या वर्षी बोटीत बसला आन फ्रान्सला उतरला. भाषा येत न्हाई, ओळखीचं एक कुत्रं न्हाई. होटेलात भांडी घासली. दुकानांच्या पाट्या रंगवल्या. खोलीत येवढी थंडी की ब्रश धुवायचं पाणी सकाळी गोठलेलं असायचं, ते फोडून कामाला लागायचा. पंचवीस वर्षं चित्रं काढली, सगळी राखाडी. बर्फ, भिंती, बंद खिडक्या. कोणी घेईना. बायको सोडून गेली. तरी माणूस सकाळी उठून पाणी फोडायचा. मच्छिंद्रला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडायची. त्यानं एकदा इचारल्तं, "मामा, रंग महाग होते म्हणून राखाडी का?" मामा म्हणले, "नहीं बेटा. मेरे अंदर उतना ही था."

मंग एक्क्याऐंशी साल. अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेला माणूस औरंगाबादऐवजी जालन्याला उतरला, भोकरदनच्या एसटीत बसला, आन धावड्याच्या अलीकडं एसटी पंक्चर झाली. लोक खाली उतरले, हा बी उतरला. समोर खळं होतं. मिरची पसरलेली, चार बाया निवडत बसलेल्या. चाक बदललं, घंटी वाजली, लोक चढले. हा चढला न्हाई. लेणी त्यानं पुढं महिन्यानं पाह्यली. म्हणायचा, ती दीड-दोन हजार वर्षं थांबलीत, त्यांला काय घाई आहे?

दिवाळीपास्न होळीपस्तोर राह्यला. मच्छिंद्रचे वडील अप्पाराव तवा जिते होते, त्यांनी ओसरीतली खोली दिली. शेजारच्या अजमतचाचांनी हिंदी शिकवली. मच्छिंद्रची माय गोजरबाई, तिचा भाऊ त्याच्या आदल्या साली वारल्ता, म्हणून भाऊबीजेला तिनं ह्यालाच पाटावर बसवून ओवाळलं. तवापास्न तो मामा.

ते मोठं चित्र त्यानं खळ्यातच काढलं. जालन्याहून ताडपत्रीचं जाड कापड आणलं, दोन पन्हे हातानं शिवून एक केले, खडू आन सरस लावला, आन त्याच्यावर उकिडवं बसून तीन महिने काम केलं. जायच्या दिवशी ते वलंच होतं. येवढं मोठं, गुंडाळता येईना, न्हेता येईना. "बहन, सांभाळा. मैं आता." येवढं बोलला आन गेला.

आन फ्रान्सला जाऊन काय केलं? तेच चित्र आठवून आठवून परत काढलं. एकदा, दहादा, परत. दर येळेला येगळं निघायचं. ती लाल चित्रं पह्यले एका बारक्या दुकानात लागली, मंग पॅरिसच्या मोठ्या गॅलरीत, मंग देशोदेशी. सरकारनं तमगा दिला. जो माणूस पन्नाशीपस्तोर पाट्या रंगवत होता त्याच्या चित्रापुढं लोक आता रांगा लावतात. घर घेतलं ते बी अशा गावात, जिथं लोक भिंतीला मिरच्यांच्या माळा टांगतात. दरसाल दिवाळीला त्याच्या चित्राचं एक कार्ड यायचं. मच्छिंद्रनं ती सगळी जालन्याच्या खोलीत भिंतीला लावलेली. बायको त्या भिंतीला मिरचीबाजार म्हणायची.

आन प्रत्येक मुलाखतीत इनाबेमामा एकच सांगायचे. ही सगळी नक्कल आहे. अस्सल इंडियात आहे, माह्या बहिणीपाशी. ती सांभाळून राह्यली.

काल फोनवर ते म्हणले होते, एप्रिलात पॅरिसमध्ये चाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन आहे. "बेटा, बीच की दीवार खाली रखी है. उसके वास्ते."

ओसरीवर गोजरबाई मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. मच्छिंद्रचं सगळं सांगून झालं तरी त्यांचे हात थांबले न्हाईत. थोरला रामकिसन खांबाला टेकून उभा.

"सांभाळा म्हणले होते, आपण सांभाळलं," रामकिसन म्हणला. "इकलं का? फेकलं का? घरातच आहे की."

"दादा, तुमी कोपरा कापून विहिरीच्या मोटारीवर घातला!"

"मंग पावसात मोटार जळू द्यायची होती का?"

"त्याच कोपऱ्यात मामाचं नाव होतं. सही."

"मला काय म्हाईत ती सही? मला वाटलं, रंग वला होता तवा चिमणी चालून गेली."

नंदाबाईला हसू आलं, तिनं पदरात दाबलं. मच्छिंद्रनं कपाळाला हात लावला.

"आन तू रे?" रामकिसन तापला. "तुझ्या लग्नात मांडव कमी पडला तवा कोण म्हणलं, मामाचं कापड काढा? तवा चित्र नव्हतं का?"

"तवा मला..." मच्छिंद्र थांबला. तवा त्याला खरंच आठवलं नव्हतं. भिंतीवरची कार्डं रोज बघणारा माणूस, पर डोक्यावर जे टांगलं होतं ते त्याला ताडपत्रीच वाटलं होतं.

"सुरवात मी केली," गोजरबाई पह्यल्यांदा बोलल्या. "त्यायला काहून बोलता?"

रामकिसन खांबापास्न सरळ झाला.

"माळ्यावर ठिवलं होतं. धडप्यात गुंडाळून, वर डांबरगोळ्या. एका पावसाळ्यात उंदरानं काठ खाल्ला. वाळवी लागली. निजवून ठिवलेली वस्तू खातंच कायतरी. हंडा असो का गोधडी, वरच्यावर काढावं, ऊन दाखवावं, कामात घ्यावं, तवा राहतं. मी काढलं. कामात घेतलं. उंदीर थांबले."

"ते बराबर आहे माय, पर हे मामाला कोण सांगणार?" मच्छिंद्र म्हणला. "त्यांनी तिकडं भिंत मोकळी ठिवलीय. सगळ्या दुनियेला सांगून बसलेत." मंग आवाज खाली आणून म्हणला, "आपण सांगू जळालं. ब्याण्णवला गंजी जळालीच होती. त्याच्यात गेलं म्हणायचं."

रामकिसननं क्षणभर इचार केला. आत्ता भांडणारा माणूस झटक्यात धाकट्याच्या बाजूला गेला. "हे बिलकुल बराबर आहे. आगीपुढं कोणाचं काय चालतं?"

"आन खळ्यात काय पसरलंय ते?" नंदाबाई म्हणली.

"ते काढायचं. कडब्यात दाबून टाकायचं. पलास्टिक अंथर."

"वल्या मिरच्या पलास्टिकवर? घाम सुटून बुरशी धरंल. अख्खा तोडा जाईल."

"दोन दिवसांनी काय होतं!"

"तुमी निवडणार असाल तर काय होत न्हाई."

तेवढ्यात इस्माईल आला. अजमतचाचांचा पोरगा, गावात एसटीडी बूथ आन दारात टेम्पो. मामाचं बोलणं नीट समजायचं ते त्यालाच, म्हणून मच्छिंद्रनं निरोप धाडला होता. त्यानं उभ्या-उभ्या सगळं ऐकलं आन चप्पल परत पायात घालायला लागला.

"अरे, कुठं?"

"माह्या अब्बानं त्यांला बोलायला शिकवलं, मच्छू. त्याच जबानीत मी त्यांला झूट सांगू? दुसरा माणूस बघ."

"झूट काय त्यात? गंजी जळाली न्हाई का?"

"जळाली. तवा हे कापड कुठं होतं? माह्या टेम्पोवर. मीच मागून नेल्तं, तुमची मिरची भरून."

चप्पल घालून बी इस्माईल निघून जाईना. त्याला वाटलं, आता मावशी पोरांला फटकारतील. रामकिसनला बी तेच वाटलं. उभ्या जल्मात ह्या बाईनं मापात कधी मूठभर खोटं केलं नव्हतं.

गोजरबाईंनी देठांची पाटी बाजूला सारली.

"जळालं सांगा," त्या म्हणल्या.

आन उठून आत गेल्या.

आत चुलीपुढं त्या नुसत्याच बसल्या. त्यांला भावाचं तोंड दिसत होतं, जायच्या दिवशीचं. सांभाळा म्हणताना त्यानं दोन्ही हात जोडले होते. जळालं म्हणलं की दोष आगीचा. वापरलं म्हणलं की दोष माहा. येवढं साधं होतं. अप्पाराव असते तर म्हणले असते, गोजर, तू आन भेली? हाव, भेले. भाऊ एकदा गेल्ता. दुसऱ्यांदा जायला नको.

दुसऱ्या दिवशी मामा मुंबईहून मोटारीनं दुपारी येतील असं धरून रामकिसन आन मच्छिंद्र फाट्यावर जाऊन उभे राह्यले. हातात झेंडूचा हार. मच्छिंद्र तोंडातल्या तोंडात बोलून बघत होता, "मामा, आग लगी थी." रामकिसन म्हणला, "जरा रडकं म्हण." मच्छिंद्रनं रडकं म्हणून पाह्यलं. "येवढं बी नको."

नंदाबाईला खळ्यात पाठवलं होतं, कापड मोकळं करायला. तिनं हात लावला नव्हता. ऊन चढू दे, मिरचीवरचं दव उडू दे, मंग बघू, असं म्हणत ती नुसतं दाताळं फिरवत होती.

बांधावरून एक म्हातारा येत होता. बारीक, ताठ, पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. भोकरदनची एसटी नुकतीच फाट्याच्या अलीकडं थांबून गेल्ती. तो खळ्याच्या काठाशी थांबला. बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात घातले आन बूट जोडीनं ठिवले.

नंदाबाईनं त्याला जल्मात पाह्यलं नव्हतं. पर तिनं ओळखलं.

"नमस्ते," तो म्हणला. "आप रामकिसन की घरवाली."

तिनं मान हलवली. मंग फाट्याकडं पाह्यलं, मोटार येणार होती ना? त्यानं हात पुढं केला आन तिच्या हातातलं दाताळं घेतलं. मिरचीत उतरला. पाय असे टाकले की एक मिरची पायाखाली मोडली न्हाई. बोटांनी बाजूला सारत, घसटत. गावातल्या पोरींला बी हे शिकवावं लागतं. दाताळं बेतानं, खालची मिरची वर, वरची खाली. चेहरा येवढा खुशीत होता की नंदाबाई पाहतच राह्यली.

आन मंग तो थांबला.

त्याचा उजवा पाय एका जागी हलत होता. मागं, पुढं. पायाच्या अंगठ्यानं तो मिरचीखाली कायतरी चाचपत होता. दोन पन्ह्यांची शिवण. ती त्यानंच शिवली होती.

दाताळं पडलं. तो शिवणीवरनं पाय घासत खळ्याच्या मधोमध गेला आन गुडघ्यावर बसला. दोन्ही हातांनी मिरची बाजूला केली.

खाली एका बाईचा खांदा होता. निम्मा. तिचा हात कोपरापस्तोर होता, पुढं न्हाई. पुढं गोणीचं ठिगळ होतं आन ठिगळावर खतवाल्याची हिरवी अक्षरं. बाकी सगळं लालसर पुसट, तेलाचे डाग, मिरचीचं बी दाबून बसलेलं.

"ये कब से?"

"मी लग्न होऊन आले तवा बी होतं," नंदाबाई कशीबशी म्हणली.

त्यानं ठिगळावर बोट ठिवलं. "ये किसने सिया?"

"मी."

तो उठला आन वरडला.

असा वरडला की झाडावरची पाखरं उडाली. जपानीत बोलला, मंग दुसऱ्याच कोणत्या भाषेत, मंग परत जपानीत. गोजरबाई घरातून पळत आल्या, मागून इस्माईल. म्हातारा त्यांच्याकडं बोट करून बोलत होता, मान लाल. एक शब्द कोणाला कळाला न्हाई. सगळं कळालं.

गोजरबाई खळ्याच्या काठाशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली न्हाई. त्याचं बोलणं संपंपस्तोर थांबल्या.

"मी घातलं," त्या म्हणल्या. "ह्या पोरीचा काही दोष न्हाई. माळ्यावर उंदीर खात होते, म्हणून मी काढलं आन कामाला लावलं. आन आज तुला जळालं म्हणून सांगणार होतो. मीच सांगा म्हणले. इस्माईल, सांग त्याला सगळं. एक शब्द कमी करू नको."

इस्माईलनं सांगितलं. एक शब्द कमी केला न्हाई.

इनाबे बूट न घालताच चालत गेला आन निंबाखाली पाठ करून बसला.

फाट्यावरून दोघं भाऊ आले तवा हे सगळं होऊन गेल्तं. हातातल्या हाराचं काय करावं रामकिसनला कळंना. शेवटी त्यानं तो फटफटीच्या हँडलला अडकवला.

जेवायला म्हातारा उठला न्हाई. रामकिसननं हाक मारली, न्हाई. नंदाबाईनं पाण्याचा तांब्या नेऊन ठिवला, तो तसाच राह्यला. मंग मच्छिंद्र जाऊन शेजारी बसला. बोलायचं काय हे ठरवून गेला नव्हता.

"मामा, त्या भिंतीचं आता काय करायचं?"

"खाली रहेगी."

"लोकं काय म्हणतील?"

मामानं हात झटकला. लोकांचं न्हाई, असं.

मंग तो हळूहळू बोलायला लागला. मोडकंतोडकं, मधे थांबत, पर मच्छिंद्रला शब्दन् शब्द समजला. फ्रान्समध्ये त्यानं पह्यल्यांदा सांगितलं की अस्सल चित्र बहिणीपाशी आहे, तवा ते सहज सांगितलं होतं. पर लोकांला ते लई आवडलं. जे कोणी पाह्यलं न्हाई ते सगळ्यात भारी, असं पेपरात यायला लागलं. त्यानं येऊ दिलं. पंधरा वर्षं येऊ दिलं. आन आतल्या आत एकच गोष्ट त्याला खात होती. आठवणीत ते चित्र दरसाल चांगलं होत चाललं होतं. खरंच येवढं चांगलं होतं का?

"मैं लेने नहीं आया, बेटा. देखने आया. अच्छा था कि नहीं था. मरने से पहले मालूम होना." त्यानं खळ्याकडं पाह्यलं. "अब कैसे मालूम होगा?"

मच्छिंद्रला भट्टीसमोर उभं राह्यल्यासारखं झालं. येवढा मोठा माणूस. आन ह्याला माहीत न्हाई?

"पर मामा, बाकीची? माह्या भिंतीवरची?"

"वो अच्छे हैं," इनाबे लगेच म्हणला. आवाजात जरा बी घमेंड नव्हती, आन जरा बी शंका नव्हती. "वो सब अच्छे हैं. वो मुझे मालूम है. मेहनत किया."

त्या एका वाक्यासाठी मच्छिंद्रनं मामाला मनातल्या मनात परत एकदा डोक्यावर घेतलं.

दिवस कलला तवा गोजरबाई स्वतः ताट घेऊन आल्या. भाकरी, पिठलं, ठेचा. ताट समोर ठिवलं आन खाली बसल्या, मातीत. इस्माईल मागं उभा, काही अडलं तर म्हणून. रामकिसन आन नंदाबाई जरा लांब, आयकू येईल येवढ्या अंतरावर.

"जेव."

इनाबेनं ताटाकडं पाह्यलं न्हाई. बहिणीकडं पाह्यलं.

"बहन. तू सच बोल. तूने इतना बरस देखा. और किसी ने नहीं देखा. अच्छा था?"

काल एक खोटं बोलायला निघालेली बाई होती ती, दुसरं तिच्याच्यानं झालं नसतं. हे तिथं बसलेल्या सगळ्यांला कळत होतं. इनाबेला बी. म्हणून तर त्यानं तिलाच इचारलं.

"माळ्यावरून काढलं त्या दिवशी," त्या म्हणल्या, "मी ते खळ्यात अंथरलं, आन मिरची टाकायला हात उचलंना. दिवसभर तसंच राहू दिलं. कामाच्या बाया उभ्या राह्यल्या. त्यातली चांगुणाबाई, तू तिला काढल्ती, पाठमोरी बसलेली. ती लई येळ बघत होती. मंग म्हणली, गोजरबाई, माही कंबर जशी दुखती तशीच काढली ह्यानं." गोजरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "ती दोन सालाखाली गेली बिचारी. तिचा फोटो कोणापाशी न्हाई. चांगलं होतं, भाऊ. लई चांगलं होतं. मला चित्रातलं काय कळतं? पर मी मिरचीत जल्म घातला, मला ती त्याच्यात दिसत होती."

इनाबे पुढं सरकून बसला.

"पर..." गोजरबाई म्हणल्या आन थांबल्या.

"बोल."

"पर आभाळ खोटं होतं."

इनाबेनं इस्माईलकडं पाह्यलं. हा एक शब्द त्याला आठवत नव्हता. इस्माईलनं गोजरबाईकडं पाह्यलं, मावशी, हे बी सांगू का?

"सांग."

"आसमान," इस्माईल घसा साफ करत म्हणला. "बोलती, आसमान झूठा था."

रामकिसननं डोळे मिटले. झालं, त्याला वाटलं.

इनाबेच्या पोटातून कायतरी वर आलं. आधी खोकल्यासारखं, मंग ठसक्यासारखं. तो हसत होता. मांडीवर हात मारून हसत होता, डोळ्याला पाणी, बोलायला जायचा आन परत हसायचा.

"झूठा था! बिलकुल झूठा था! जाने का टाइम हो गया था, जल्दी-जल्दी लगाया!" त्यानं हवेत हात फिरवून दाखवलं, घर सारवावं तसा. "किसी को नहीं बोला मैं. किसी को नहीं! तूने देखा!"

"दिसत होतं की. समोरच होतं."

"उसके बाद, बहन, कभी आसमान नहीं बनाया. पंधरा बरस. एक भी नहीं. वहां लोग किताब लिखते, इनाबे ने आसमान क्यों छोड़ा. बड़ा-बड़ा मतलब." तो वाकून तिच्या कानाशी आला, जसं काही पॅरिसमध्ये आयकू जाईल. "मतलब कुछ नहीं. मुझे आता नहीं."

आता मच्छिंद्र बी हसला. कार्डं त्याच्या डोळ्यापुढून गेली, एकामागून एक. खरंच, एकाही चित्रात आभाळ नव्हतं, आन ते त्याला कधी दिसलं नव्हतं.

"मंग शिक," गोजरबाई म्हणल्या.

"क्या?"

"शिक म्हणते. वय काय झालं तुझं?"

"चौसठ."

"मंग काय म्हातारा झाला का? मी तुझ्याहून मोठी आहे. जेव आधी."

तो जेवला. भाकरी मोडून पिठल्यात बुडवली, ठेच्याला जरा घाबरला, मंग तो बी खाल्ला. नंदाबाईनं दुसरी भाकरी आणली, ती बी संपवली. कोणी कापडाचं नाव काढलं न्हाई. नेणार का ठेवणार, धुणार का तसंच, कोणी इचारलं न्हाई, आन तो बी बोलला न्हाई.

हात धुवून तो अनवाणीच खळ्यात गेला. काठाकडची मिरची हातानं जरा सारली, आपल्या आंगापुरती जागा केली, आन उताणा झोपला. हात डोक्याखाली. वर बघत.

उन्हं पिवळी झाली होती. लांब घाटाकडं एक ढग होता, बारका. म्हातारा डोळे बारीक करून बघत राह्यला, जसा दुकानदार नाणं बघतो. मधेच त्याचा उजवा हात वर उठायचा, हवेतच जरा हलायचा आन परत खाली यायचा.

नंदाबाई दाताळं घेऊन उभी होती. मिरची दिवस बुडायच्या आत एकदा खालवर करावीच लागती, न्हाईतर खालची काळी पडती.

"आत्याबाई, कसं करू? ते उठतील का?"

गोजरबाईंनी खळ्याकडं पाह्यलं, मंग वर पाह्यलं, मंग सुनेकडं.

"त्या अंगाकडून सुरू कर," त्या म्हणल्या. "त्याच्या भवतालच्या राहू दे. उद्या उलथू."